प्रयोगशाळेतले मांस आणि डालड्याचा धडा

५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये निमंत्रित पत्रकारांसमोर मांसाची एक वडी तव्यावर परतली गेली. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी गायीच्या स्नायूतील पेशी काढून, त्या पोषक द्रवात वाढवून ती तयार केली होती. तिच्यावर सुमारे अडीच लाख युरो खर्च झाला आणि तो गूगल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सर्गेई ब्रिन यांनी सोसला. चव घेणाऱ्यांनी सांगितले की वडी मांसासारखीच लागते, फक्त चरबी कमी पडते. तेव्हापासून ‘प्रयोगशाळेतले मांस’ हा विषय जगभरच्या वृत्तपत्रांतून चर्चिला जात आहे. जनावर न मारता मांस मिळेल, कुरणांसाठी जंगले तोडावी लागणार नाहीत, वाढत्या लोकसंख्येला प्रथिने पुरवता येतील, अशी तीन आश्वासने या शोधाबरोबर दिली जातात. पहिल्या दोन आश्वासनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्यातील ‘लोकसंख्या’ म्हणजे नेमके कोणते लोक, हे विचारण्याच्या फंदात मात्र फारसे कोणी पडत नाही.

या कल्पनेचे वय पाहिले तर ती नवी नाही. विन्स्टन चर्चिल यांनी १९३१ साली ‘पन्नास वर्षांनंतर’ या आशयाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला होता. कोंबडीचा नुसता पंख वा छाती खाण्यासाठी अख्खी कोंबडी वाढवण्याचा मूर्खपणा मनुष्य सोडून देईल आणि हवे तेवढेच भाग योग्य माध्यमात वाढवील, असे भाकीत त्यात आहे. भाकीत करणारे हे गृहस्थ बारा वर्षांनी ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि त्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भाताच्या मुठीवाचून रस्त्यावर मेली. भविष्यकाळातील अन्नाविषयी उदार कल्पना बाळगणे आणि वर्तमानकाळातील भुकेल्याच्या वाट्याचे धान्य त्याच्यापर्यंत पोहोचवणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात याच दुष्काळाचा अभ्यास करून दाखवून दिले की माणसे मेली ती मुख्यतः धान्य नव्हते म्हणून नव्हे, तर ते मिळवण्याचा आर्थिक अधिकार त्यांच्या हाती उरला नव्हता म्हणून. प्रयोगशाळेतल्या मांसाचा विचार याच कसोटीवर करावयास हवा.

आजवर हे मांस कोणी खाल्ले, ते आधी पाहू. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने जगात प्रथम त्याच्या विक्रीस परवानगी दिली आणि ते प्रथम वाढले गेले एका खाजगी क्लबात, जिथे सभासदत्वाशिवाय प्रवेश नसे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने दोन कंपन्यांना परवाने दिले. तेथे हे मांस सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन येथील एकेका नामांकित उपाहारगृहात, मोजक्या ग्राहकांना, मोजक्या दिवशी, चार घासांच्या मापाने मिळू लागले. पुढे मे २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका खाटीकखान्यात त्याची किरकोळ विक्री सुरू झाली. एकशेवीस ग्रॅमचे पाकीट, किंमत ७.२० सिंगापुरी डॉलर. या पाकिटात पेशींपासून वाढवलेले कोंबडीचे मांस होते शेकडा ३; उरलेले ९७ टक्के वनस्पतिजन्य प्रथिने व इतर घटक. निवडक पाहुण्यांच्या बशीत पडला तो खरा नमुना, आणि दुकानात आला तो त्याचा वास लावलेला सोयाबीनसारखा पदार्थ. एवढ्या अल्पवयातच या उद्योगाने एका वस्तूच्या दोन जाती केल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खर्च उतरेल, असे त्यावर उत्तर दिले जाते. कदाचित उतरेलही. पण किती, याविषयी जाणकारांत एकमत नाही. ज्या संस्था या मांसाचा पुरस्कार करतात त्यांच्या पाठबळाने २०२१ साली झालेल्या अभ्यासात किलोला सहा डॉलरच्या आसपासचा आकडा शक्य कोटीतला मानला गेला. त्याच वर्षी डेव्हिड हम्बर्ड या रसायन अभियंत्याने केलेल्या गणितात मोठ्या कारखान्यातही किलोला ३७ डॉलरच्या खाली येणे अवघड ठरले. फरकाचे मूळ समजून घेतले पाहिजे. हे मांस वाढते दारूच्या कारखान्यातल्या टाक्यांसारख्या पोलादी टाक्यांत. पण यीस्टपेक्षा प्राण्याची पेशी फार सावकाश वाढते आणि तिला स्वतःची प्रतिकारशक्ती नसते. एक जंतू आत शिरला तर सगळी टाकी वाया जाते. म्हणून औषधाच्या कारखान्याइतकी स्वच्छता राखावी लागते. अमिनो आम्ले, साखर व वाढीचे घटक शुद्ध स्वरूपात पुरवावे लागतात. गायीचे यकृत, मूत्रपिंड, कातडी ही सारी ‘यंत्रसामग्री’ निसर्ग कडब्यावर फुकट बांधून देतो. कारखान्यात ती भांडवल घालून उभी करावी लागते. पर्यावरणाच्या लाभाचेही तसेच. माध्यमाचे शुद्धीकरण औषधाच्या दर्जाचे करावे लागले तर हवामानावरील भार गोमांसाहूनही कित्येक पट अधिक होऊ शकतो, असा इशारा २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दिला.

तूर्त वाद बाजूला ठेवून, दोन्ही शक्यता मान्य करून चालू. मांस महागच राहिले, तर ते सधनांच्या सदसद्विवेकाला सुखावणारे पक्वान्न होईल: हत्येचा दोष नाही, चवीचा त्याग नाही. या शक्यतेत गरिबाचा संबंधच नाही. खरी विचार करण्यासारखी आहे ती दुसरी शक्यता, म्हणजे ते स्वस्त झाले तर काय, ही. याचे उत्तर शोधण्यासाठी कल्पनाशक्ती ताणण्याची गरज नाही. आपल्याच स्वयंपाकघरात तो प्रयोग एकदा होऊन गेला आहे.

फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने सैन्यासाठी आणि गोरगरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा म्हणून बक्षीस लावले आणि १८६९ मध्ये मेज-मूरिए या रसायनशास्त्रज्ञाने मार्गारीन तयार केले. त्याचा आपल्याकडील भाऊबंद म्हणजे वनस्पती तूप. लिव्हर कंपनीने १९३७ मध्ये हिंदुस्थानात डालडा आणला. पिवळ्या डब्यावरचे ते नारळाचे झाड खेड्यापाड्यांत पोहोचले, आणि रिकामा डबा तर तुळशीपासून धान्यापर्यंत सर्व काही सामावून घेऊ लागला. वनस्पतीचा गुन्हा स्वस्त असणे हा नव्हता. रवाळ दाणा, पांढरा रंग, तापवल्यावर येणारा वास, यांद्वारे ते तुपाचे सोंग घेत होते, हा खरा आक्षेप होता. गांधीजींनी त्याच्याविरुद्ध ‘हरिजन’मधून लिहिले. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी, निदान ते रंगवावे, अशी मागणी संसदेपर्यंत गेली. उष्णतेत टिकणारा, निरुपद्रवी आणि सहज न काढता येणारा रंगच सापडत नाही, असे सांगितले गेले. अखेर तोडगा निघाला तो असा की वनस्पतीत शेकडा ५ तरी तिळाचे तेल असलेच पाहिजे. तिळाच्या तेलाची रासायनिक परीक्षा सोपी असते. त्यामुळे तुपात डालड्याची भेसळ असेल तर ती पकडता येते.

या नियमाकडे जरा बारकाईने पाहावे. त्याने संरक्षण कोणाला मिळाले? ज्याला साजूक तूप परवडत होते त्याला. त्याच्या तुपात डालडा मिसळला जाऊ नये, याची कायद्याने तजवीज केली. जो डालडाच विकत घेत होता त्याच्या पोटात काय जाते याची चौकशी व्हायला पुढची कित्येक दशके लागली. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करताना जी ट्रान्स-मेदाम्ले तयार होतात ती हृदयविकाराला आमंत्रण देतात, हे १९९० च्या सुमारास पाश्चात्त्य संशोधनातून स्पष्ट होऊ लागले. आपल्याकडे खाद्यतेले व वनस्पतीतील त्यांचे प्रमाण शेकडा २ वर आणण्याचा नियम लागू झाला जानेवारी २०२२ पासून. तोवर सधन घरांतून डालडा केव्हाच हद्दपार झाला होता. तो उरला होता खानावळीत, हातगाडीवरच्या तळणात, बेकरीच्या खारीत आणि लग्नातल्या बुंदीत. मराठीत ‘डालडा’ हा शब्द अस्सल नसलेल्या कोणत्याही वस्तूसाठी, माणसासाठीसुद्धा, हिणवण्याच्या अर्थाने रूढ झाला. ज्यांनी नाइलाजाने तो खाल्ला, त्यांच्या वाट्याला पदार्थाचा अपायही आला आणि शब्दातली हेटाळणीही.

दुसरे उदाहरण कोंबडीचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मराठी खेड्यात कोंबडी कापली जाई ती पाहुणा आला तर, नाही तर देवाला. पुढे ब्रॉयलर आला, सहा आठवड्यांत दोन किलोचा होणारा पक्षी. आज मटण किलोला सातशे रुपयांच्या पुढे असताना ब्रॉयलर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळतो. मजुराच्या घरी रविवारी चार तुकडे शिजू लागले, हे ब्रॉयलरचे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ब्रॉयलर सर्वांचा झाला त्याच क्षणी सधनांनी गावरान कोंबडीचा शोध लावला. जी परसात उकिरडा उकरून फुकट वाढत होती, तिला आता ब्रॉयलरच्या दुप्पट-अडीचपट भाव आहे, आणि ती पाळणारी बाई बहुधा ती विकून घरासाठी ब्रॉयलर आणते. ज्वारी-बाजरीचे तेच झाले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो रांगेत उभे राहून घेणाऱ्यांनी पुढे रेशनच्या गव्हा-तांदळाची सवय करून घेतली. आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले तेव्हा नाचणीची बिस्किटे वातानुकूलित दुकानात चकचकीत वेष्टनात मांडलेली होती.

म्हणजे अन्नाचा दर्जा ही केवळ पदार्थाच्या अंगची गोष्ट नाही. ती पदार्थ कोण खातो यावरूनही ठरते. प्रयोगशाळेतले मांस स्वस्त झालेच, तर ज्यांना परवडते ते ‘कुरणावर चरलेल्या’, ‘नैसर्गिक’ मांसाकडे वळतील आणि कामगार वस्तीतल्या भेळगाडीशेजारी टाकीतल्या मांसाचे कबाब भाजले जातील, असा अंदाज करण्यास वरील इतिहासाचा पुरेसा आधार आहे.

येथे अर्थशास्त्रातील एक जुना मुद्दा आठवतो. आल्फ्रेड मार्शल यांनी संयुक्त पुरवठ्याचे उदाहरण म्हणून गोमांस आणि कातडे ही जोडी घेतली होती; एक निर्माण केले की दुसरे आपोआप निर्माण होते. बकरा कापला की मांडी आणि चाप निघतो, तशीच वजडी, मुंडी, पाय आणि रक्तीही निघते. मांडी ज्याला परवडते तो मांडी नेतो, आणि तिची किंमत त्याने मोजलेली असल्यामुळेच वजडी गरिबाला स्वस्तात मिळते. दलितांच्या पाककृतींमधला फार मोठा भाग या ‘उरलेल्या’ अवयवांवर उभा आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्यांपासून किती प्रकार होत, हे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. टाकीत वजडी तयार होत नाही. तेथे फक्त मांडीच वाढते. कातडे नाही, म्हणून कातडी कमावणारा नाही. हाडे नाहीत, शिंगे नाहीत, लेंडीखत नाही. बकरी ही भूमिहीन बाईची अडीनडीला मोडता येणारी ठेव. तिचे पेव भरायला टाकीपाशी काहीच नाही. गंमत अशी की खुद्द या तंत्राने सुरुवातीची वाटचाल केली ती गाभण गायीच्या पोटातील वासराच्या रक्तद्रवावर, म्हणजे कत्तलखान्यातल्याच एका उपपदार्थावर. अलीकडे काही कंपन्यांनी त्याविना माध्यम तयार केले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

मालकीचा प्रश्न तर सर्वांत कळीचा. आजच ब्रॉयलरच्या मूळ वंशावर जगात मुख्यतः दोन कंपनी-समूहांची पकड आहे. आपल्याकडचा करारावर कोंबड्या वाढवणारा शेतकरी शेड बांधतो, कर्ज काढतो, रात्री जागतो. पिल्ले, खाद्य, औषधे आणि तयार पक्षी कंपनीचे, शेतकऱ्याला किलोमागे वाढवणावळ. तो जमिनीचा मालक असूनही मजूर झाला आहे. तरी त्याच्या हाती निदान शेड आहे. पेशींची वाणे, माध्यमाची कृती आणि टाकीची रचना पेटंटाखाली गेली म्हणजे तेवढेही उरणार नाही. या क्षेत्रात २०२३ पर्यंत सुमारे तीन अब्ज डॉलर भांडवल गुंतले, आणि गुंतवणाऱ्यांत कारगिल, टायसन आणि ब्राझीलची जेबीएस या मांसाच्या व्यापारातील महाकाय कंपन्या आहेत. कत्तलखाना चालला तरी त्यांचा, बंद पडला तरी पुढची टाकी त्यांची. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आधी ती एका समाजवादी साप्ताहिकातच क्रमशः आली होती. शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांची दशा लोकांपुढे यावी हा तिचा हेतू. वाचकांनी कामगारांचे हाल ओलांडले आणि आपल्या ताटातल्या मांसात काय मिसळले जाते याचीच धास्ती घेतली. त्याच वर्षी अन्नशुद्धतेचे कायदे झाले, कामगाराची स्थिती तशीच राहिली. लेखकाला त्याची खंत शेवटपर्यंत होती. प्रयोगशाळेतल्या मांसावरची सध्याची चर्चाही ग्राहकाच्या ताटापाशीच घोटाळते आहे.

याचा अर्थ या मांसावर बंदी घालावी, असा नव्हे. इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मे २०२४ मध्ये तशी बंदी घातली. फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी जागतिक अभिजनांचा कट उधळून लावल्याचा आव आणला. प्रत्यक्षात संरक्षण मिळाले ते मोठ्या पशुपालकांना. अमेरिकेतील दूधसम्राटांनी शंभर वर्षांपूर्वी मार्गारीनशी नेमके हेच केले होते. न्यू हॅम्पशायरने तर ते गुलाबी रंगवून विकावे, म्हणजे कोणी खाणारच नाही, असा कायदा केला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो रद्द करावा लागला. महाराष्ट्राला बंदीचा अनुभव आहेच. २०१५ मध्ये बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा स्वस्त मांस कोणाच्या ताटातून गेले आणि भाकड बैल कोणाच्या गोठ्यात उरला, हे सर्वांना ठाऊक आहे.

शास्त्राला विरोध करण्याचेही कारण नाही; शास्त्र कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी, हे विचारण्याचे आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राला २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने याच कामासाठी निधी दिला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनेही त्याच वर्षी संशोधन केंद्राची घोषणा केली. जानेवारी २०२४ मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एका खाजगी कंपनीशी करार केला. पापलेट, सुरमई यांसारख्या महाग माशांचे मांस पेशींपासून वाढवण्याचा. बांगडा आणि मांदेली त्या यादीत अग्रभागी नाहीत. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संशोधनाची फळे सार्वजनिक मालकीत राहावीत, वाणे व माध्यमाच्या कृती सहकारी संस्थांना खुल्या असाव्यात, आणि पाकिटावर किती टक्के काय आहे ते मराठीत ठळक छापलेले असावे, एवढ्या मागण्या तरी आताच, कारखाने उभे राहण्यापूर्वी, पुढे यावयास हव्यात. डालड्याच्या वेळी त्या उशिरा आल्या.

प्रथिनांच्या टंचाईवर तांत्रिक उतारा शोधण्याची ही पहिली खेप नव्हे. १९६० च्या दशकात जागतिक ‘प्रथिन-संकटा’चा गजर झाला होता आणि ब्रिटिश पेट्रोलियम कंपनी खनिज तेलावर यीस्ट वाढवून प्रथिने काढू पाहत होती, १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि ते गणित कोसळले. त्याच काळात सातारा जिल्ह्यातून पुढे आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सांगत होते की वेगळे प्रथिन-संकट असे नाही. ज्याला पोटभर जेवण मिळते त्याची प्रथिनांची गरज बव्हंशी भागते. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी सहमत होणे कठीण आहे. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांवर आखलेली दारिद्र्यरेषा घेतली काय किंवा सुखात्म्यांचे गणित घेतले काय, पोट भरले की नाही एवढेच त्यात मोजले जाते, कशाने भरले ते नाही. पण रोग ओळखण्यात सुखात्मे चुकले नव्हते: मूळ तुटवडा क्रयशक्तीचा आहे. २०२२-२३ च्या कुटुंबखर्च पाहणीत ग्रामीण भागातील तळच्या ५ टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च १,३७३ रुपये आढळला, म्हणजे अन्न, वस्त्र, औषध, प्रवास सगळे मिळून दिवसाला शेहेचाळीस रुपये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयी आहेत.

या मुलांसाठी टाकी लागत नाही. अंडे पुरते, आणि त्याचे तंत्रज्ञान कोंबडीला अवगत आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, शाकाहारी मुलांसाठी केळे ठेवले. काही धार्मिक संघटनांनी त्यावर गहजब केला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबवला. वाचणारी रक्कम वर्षाला सुमारे पन्नास कोटी रुपयांची. ज्या शाळांना अंडा पुलाव द्यावयाचा असेल त्यांनी त्यासाठी लोकवर्गणी गोळा करावी, असे नव्या आदेशात म्हटले आहे.